अकरा पानांच्या सहा ओळी

मोठे बाबा,

तुम्ही गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. धाकट्या भावाचा, निखिलचा मेसेज होता, ‘एमबी एक्स्पायर्ड, कम एएसएपी.’ एमबी म्हणजे तुम्ही, एएसएपी म्हणजे ताबडतोब. मी नागपूरला ऑफिसच्या जिन्यात उभी होते, आणि रडू यायच्या आधी मला तुमचा आवाज ऐकू आला, “काहून रे, मोठे बाबा लिहाले किती वेळ लागते?” निखिलवर रागवता येईना. बाबांच्या थोरल्या भावाला दोन अक्षरांत बसवायचं त्याला मीच शिकवलं होतं.

तेरा दिवस लोक येत राहिले. तुमच्या नोकरीबद्दल बोलले, तुमच्या अक्षराबद्दल बोलले, मंडळाच्या गणपतीत तुम्ही काढायचे त्या रांगोळ्यांबद्दल बोलले. मी चहा देत होते आणि ऐकत होते. त्यात मला भर घालायची नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती तुम्ही असताना मी दीड वर्षं सांगितली नाही, आणि माझी चूक तुम्ही स्वतःच्या नावावर घेऊन गेलात.

आधी आपलं भांडण. त्याला भांडण म्हणावं की नाही कोण जाणे, कारण बोलायचे तुम्ही आणि मी मान हलवायचे. मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा बाबांनी तुम्हाला सांगितलं की पोरगी आता पत्र लिहिणार नाही, ईमेल करणार आहे. तुम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊ लागलात. तिथला गोपाल माझी मेल उघडून छापून द्यायचा. तुम्ही ते कागद घरी आणून लाल पेन्सिलीने तपासायचे आणि लिफाफ्यात घालून मला पोस्टाने परत पाठवायचे. हॉस्टेलमध्ये माझ्या मैत्रिणी त्या लिफाफ्याची वाट बघायच्या. मी ‘यू’चं एकच अक्षर लिहिलं होतं, त्याच्याभोवती लाल गोल आणि समोर तुमचा प्रश्न: ‘बाकीची दोन कुठे सांडली?’ ग्रेटच्या शेपटीला मी आठाचा आकडा लावला होता, तिथे: ‘हे गणित आहे का?’ आणि शेवटी मी ‘टी.सी.’ लिहायचे, त्याच्याखाली जवळजवळ अर्धं पान. तुम्हाला वाटलं होतं मी शाळा सोडल्याचा दाखला मागते आहे. गोपालने अर्थ सांगितल्यावर तुम्ही लिहिलंत, ‘काळजी घ्या हे म्हणायलाही सवड नसेल तर मी काळजी घ्यावी तरी कशाला?’

सुट्टीत घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, “तुम्ही तरी काय, जन्मभर पीडब्ल्यूडी, पीडब्ल्यूडी म्हणत आलात.”

मोठी आई स्वयंपाकघरातून हसली. “घ्या आता! सापडले.”

तुम्ही म्हणालात, “ते पाटीवर मावत नाही म्हनून. तू काय पाटी आहेस?”

त्यावर मी बोलायला हवं होतं. मला लोकांशी बोलणं नेहमी जड गेलं. शाळेत इंग्रजी, सीमेपलीकडच्या आपल्या गावात रस्त्यावर हिंदी, घरी आपली अर्धी मराठी, आणि कुठल्याही भाषेत पूर्ण वाक्य बोलायचं म्हटलं की मी पहिल्याच शब्दावर अडायचे. पडद्यावर अर्ध्या शब्दांत बोलता येतं, कुणी थांबून वाट बघत नाही, हे कळल्यावर मला सुटल्यासारखं झालं होतं. तुम्हाला वाटायचं मी आळस करते. मी लपत होते. हे तुम्हाला सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही लाल पेन्सिल खाली ठेवली असती. किंवा नसती.

आता दगडांकडे येते.

बैहर रोडवर, घाट लागायच्या आधी, ते गाव. रस्ता तिथे उगाच उजवीकडे वळायचा आणि एका मोहाच्या झाडाला फेरी घालून पुन्हा सरळ व्हायचा. नवख्या माणसाला वाटे, हे वळण कशाला? त्या मोहाखाली सतरा दगड उभे होते. गावातल्या गोंड घरांच्या पूर्वजांचे. काहींवर घोडेस्वार कोरलेला, काहींवर नुसते सूर्य-चंद्र, काही अगदी कोरे. नवं धान आलं की, नवाखाईला, प्रत्येक घर आपापल्या दगडासमोर पहिल्या दाण्यांचा नैवेद्य ठेवायचं, मगच घरात खायचं. तुम्ही खात्यात नकाशे काढायला नवेच लागला होतात तेव्हा आखणीत रस्ता त्या झाडावरून जात होता. तुम्ही साहेबांसमोर तीनदा नकाशा नेलात आणि वळण काढून घेतलंत. आयुष्यभर नोकरीबद्दल तुम्ही काही मोठं बोलला नाहीत, पण स्कूटर त्या वळणावर आली की हळू करायचे. “हे माझ्या हातचं,” म्हणायचे, आणि गिअर बदलायचे.

मी चौथीत असल्यापासून तुमच्यामागे बसून तिथे आले आहे. फितीचं शून्याचं टोक धरायचं हे माझं काम. तुम्ही दगडाची उंची घ्यायचे, होकायंत्र मांडून त्याचं तोंड कुठे आहे ते लिहायचे, आणि मग त्या घरच्या माणसाला विचारायचे, असंच काहून? आणि प्रत्येकाचं काहीतरी असायचं. एकाचं तोंड नाल्याकडे, कारण तो माणूस नाल्याच्या पुरात गेला. एकाचं जंगलाकडे. एकाचं दुसऱ्या दगडाकडे, कारण ते दोघे भाऊ होते आणि भांडण मिटायच्या आधी एक गेला. कोरे दगड मला कंटाळवाणे वाटायचे. तुम्ही म्हणायचे, “कोरा आहे म्हनून मुका थोडीच आहे? कुठं उभा आहे ते पाह्य न.” आणखी एकदा, कुणी पाहुणा हसला होता तुमच्या या उद्योगाला, तेव्हा चिडून म्हणालात, “ताजमहालाले राखाले सरकार आहे. हाही देशाचाच ठेवा आहे, याले कोन आहे?”

मग रस्ता चौपदरी नाही तरी बराच रुंद होणार असं ठरलं. वळणं काढायची, झाडं काढायची. तुम्ही निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तुम्ही बसून अर्ज लिहिलात. मराठीत लिहिलात, कारण रागात तुम्हाला हिंदी सुचायची नाही. अकरा पानं आणि एक नकाशा. दिवाळीनंतर मी नागपूरला निघाले तेव्हा लिफाफा माझ्या हातात दिलात. साहेब आता कागद घेत नाहीत, ईमेल मागतात, तेही इंग्रजीत, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं.

“पूर्ण लिहिजो,” तुम्ही बसच्या खिडकीशी उभे राहून म्हणालात. “माझं एकही वाक्य खाऊ नको.”

“हौ, मोठे बाबा.”

मी त्यातलं वाक्य न वाक्य खाल्लं.

नागपूरच्या कॅफेत मी ती पानं मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर दुसऱ्या दोन खिडक्यांत मैत्रिणी बोलत होत्या. पहिल्या पानावर वळणाचा इतिहास. दुसऱ्यावर गावातल्या घरांची नावं. मग दगड क्रमांक एक, दगड क्रमांक दोन. मला तेव्हा तुमची दया आली, हे मी लपवत नाही. एवढं कोण वाचणार? साहेब हसतील. इंग्रजीत मोहाच्या झाडाच्या सावलीबद्दल काय लिहायचं? मला वाटलं, मी तुमचं म्हणणं त्यांना पेलेल असं करून देते. मी सहा ओळी लिहिल्या. रस्ता रुंदीकरणामुळे ऐतिहासिक दगडांना धोका आहे. कृपया ते एएसएपी सुरक्षित जागी हलवावेत. खाली तुमचं नाव, हुद्दा, निवृत्त.

हलवावेत. तुमच्या अकरा पानांत हलवण्याची गोष्ट तीनदा होती, आणि तिन्ही वेळा ‘हलवू’पुढे ‘नयेत’ होतं. दगड हलवू नयेत, वळण ठेवावं, आणि अगदीच इलाज नसेल तर आधी गावासमोर मोजणी करावी, प्रत्येक घराने आपला दगड आपल्या हातांनी उचलावा. मी ते वाचलं होतं. मला कळलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, रस्ता काही यांच्यासाठी वळणार नाही, निदान दगड तरी वाचतील. मी तुमच्या वतीने तडजोड केली आणि तुम्हाला विचारलं नाही. पाठवण्याचं बटण दाबलं आणि मैत्रिणींच्या खिडकीत परतले. तुम्हाला मेल केली, ‘सेंट. डोंट वरी. टी.सी.’

कुणालाही वाटलं नव्हतं इतक्या लवकर त्यांनी ते ऐकलं. महिन्याभरात जेसीबी आला. सतराही दगड उपटून शाळेच्या आवारात नेले, सिमेंटच्या ओट्यावर एका रांगेत बसवले, सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. गेरू आणि चुना लावला. वर पाटी, ‘हमारी धरोहर’. हिंदी पेपरात फोटो आला आणि खाली, वरिष्ठ नागरिक के पत्र पर त्वरित कार्रवाई. तुमचं नाव.

त्या दिवशी तुम्ही फोन केलात. तुमचा आवाज रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता, आणि तो मला अजून ऐकू येतो.

“काय वं पोरी, मी तं हलवू नका म्हनून लिहिलं होतं न?”

“हो, मोठे बाबा.”

“मंग?”

आणि मी म्हटलं, “पूर्ण कुणी वाचत नाही हो. वरवर बघतात.”

तुम्ही म्हणालात, “हौ. तसंच असन.”

एवढंच. त्यानंतर मी सहा-सात वेळा घरी आले. प्रत्येक वेळी बसमध्ये ठरवायचे की आज सांगायचं. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी शेजारी बसायचे. तुम्ही नोकरीचं विचारायचे, जेवणाचं विचारायचे. दगडांचं नाव काढायचे नाहीत. माझ्या मेल लाल होऊन परत येणंही बंद झालं होतं. मला वाटलं, थकलात. मला बरंच वाटलं होतं, मोठे बाबा, की थकलात.

तेराव्याला सुकलू दादा आले. मी त्यांना लहानपणी त्या मोहाखाली पाहिलं होतं, तुमची फीत गुंडाळून द्यायचे ते. अंगणात चप्पल काढून उभे राहिले. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसले. मी पाणी दिलं.

“गाँव से और कोई नहीं आया,” ते म्हणाले. “नाराज हैं अभी भी. मैं आया. मेरा मन नहीं माना.”

मी विचारलं, नाराज कशाबद्दल?

“अरे बेटी, पत्थर बाबूजी ने ही उठवाए न. हम लोग तो मानते नहीं थे. मैं और बाबूजी साहब के पास गए. बाबूजी बहुत गरम थे, बोले, मेरा कागज दिखाओ. साहब ने कंप्यूटर से निकाल के दिया. अंग्रेजी में, पाँच-छह लाइन.” त्यांनी तळहातावर बोटाने ओळी काढून दाखवल्या. “बाबूजी चश्मा लगा के देखे. बहुत देर देखे. साहब बोले, ये आपका नहीं है क्या? मैं दरवाजे पे खड़ा था. बाबूजी बोले, हौ साहब, मेराच है.”

मी हातात रिकामा तांब्या धरून उभी होते.

“फेर रस्ते में मैंने पूछा, ऐसा काहे लिखे बाबूजी? बोले, गलती हो गई सुकलू. बस. उसके बाद नवाखाई में आए थे एक बार. किसी ने बैठने को नहीं बोला. खड़े रहे, चले गए.”

हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मोठ्या आईलाही नाही. ती दाराशी येऊन ऐकत होती. सुकलू दादा गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारेल. ती आत गेली, कपाट उघडलं आणि म्हणाली, “त्याईच्या सगळ्या अर्जाची नक्कल राह्यते. पाह्य तुले काय पाह्यजे ते.”

वरच्याच फाइलमध्ये होती. कार्बनची, निळी, अकराच्या अकरा पानं, आणि मागे घडी घातलेला नकाशा. म्हणजे ती सबंध दीड वर्षं तुमच्या हाताशी होती. ती घेऊन तुम्ही साहेबांकडे जाऊ शकत होतात, गावात जाऊ शकत होतात, सांगू शकत होतात की हे बघा, मी काय लिहिलं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं की ते सहा ओळींचं पत्र कुणी लिहिलं. तुम्ही ती फाइल कपाटात ठेवलीत आणि माझ्याशी जेवणाबद्दल बोलत राहिलात.

मला तुमचा रागही आला, खरं सांगते. एकदा ओरडला असतात तर मी लगेच सांगून टाकलं असतं. तुम्ही मला सवड दिलीत, आणि मी ती सगळी गप्प राहण्यात घालवली. की तुम्हाला वाटत होतं, पोरगी आपणहून येईल? मी येतच होते. बसमधून उतरेपर्यंत येतच होते.

रविवारी मी ती पानं घेऊन गावात गेले. निखिलने मोटरसायकलवर सोडलं. वळण आता नाही. मोह नाही. गाडी इतक्या वेगात गेली की आपण ती जागा ओलांडली हे मला पुढे गेल्यावर समजलं, मग मागे वळलो. नकाशा उघडून मी आणि सुकलू दादांनी पावलं मोजली. नऊ दगडांच्या जागा डांबराखाली आहेत. आठांच्या बाजूच्या मुरमात आहेत, रिकाम्या. ते म्हणाले, आठ तर बसवू. बाकीच्यांचं त्यांनी काही म्हटलं नाही.

शाळेच्या आवारात पंधरा-वीस माणसं जमली. मी ओट्याच्या पायरीवर बसले. तुमच्या मराठीचं हिंदी करत वाचायला लागले. मला किती वेळ लागला विचारू नका. अडत होते, मागे जाऊन पुन्हा वाचत होते, पण काही गाळलं नाही. सावलीबद्दलचं सुद्धा. दोन भावांच्या दगडांशी आले तेव्हा मागून कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. तुम्ही पाचव्या पानावर साहेबांना लिहिलं होतं की रस्ता सरळ केल्याने बैहरला माणूस चार मिनिटं आधी पोचेल, आणि त्या चार मिनिटांचं तो तिथे काय करणार आहे हे कृपया कळवावं. त्यावर सगळेच हसले. तुम्ही हसवणारे होतात हे ते विसरले होते. मीही.

शेवटचं पान झालं. मग पुढे बसलेली एक म्हातारी बाई म्हणाली, “इतना अच्छा लिखा था, तो फेर वो दूसरा काहे भेजा?”

सुकलू दादा त्या आजीला म्हणाले, “बुढ़ापा था दाई. भूल हो गई होगी.”

आणि माना हलल्या. दोघंतिघं म्हणाले, हाँ, उमर में हो जाता है. त्यांचा राग उतरत होता, मोठे बाबा, मला समोर दिसत होतं. तुम्हाला ते माफ करत होते. तुम्ही विसराळू म्हातारे होतात एवढं मान्य केलं की झालं. मी नुसती गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं.

मी म्हटलं, “बाबूजी ने नहीं भेजा. भेजने को मेरे को दिया था. मैंने छोटा कर दिया. उनसे पूछा नहीं, और बाद में झूठ बोली.”

चार वाक्यं. चारही पूर्ण. माझा आवाज मला अनोळखी वाटला. निखिल मोटरसायकलपाशी उभा होता, त्याने मान वर केली.

सुकलू दादा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि फाटकाबाहेर गेले. मला वाटलं सगळेच उठतील. काही उठलेही. ती म्हातारी बाई उठली नाही. ती मला चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. थोडी पुढे सरकून बसली आणि म्हणाली, “मेरे ससुर का फिर से पढ़.”

मी पान शोधलं. दगड क्रमांक बारा. उंची तीन फूट दोन इंच, कोरा, तोंड उगवतीकडे किंचित डावं. त्यांचं नाव तुम्ही वडिलांच्या नावासकट लिहिलं होतं. ते मोट हाकत आणि गात, आणि आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जाई, म्हणून दगडाचं तोंड त्या वाडीकडे. मी वाचलं.

“फिर से,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा ती फक्त वाट बघत बसली. तेव्हा मी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे बघून, तिच्या सासऱ्यांच्या नावापासून सुरुवात करून, सगळं सांगितलं.